सत्तावीस टी

४ तारीख, सोमवार

सगळ्यांत आधी कोण आलं म्हणशील, तर गाडी आली. पुढे माणूस नाही, मागे माणूस नाही, नुसती गाडी! मी दुकानाच्या पायरीवर बसून एका जळक्या मोटरीची तार सोडवत होते. तेवढ्यात ही वीतभर उंचीची, उघडीवाघडी, वाटीएवढ्या चाकांची गाडी फाटकातून आत शिरली. पायरीवर धडकली, मागे सरली, पुन्हा धडकली. मी म्हटलं, "अगं बाई, ही कुणाची अवदसा?" तर ती तिरकी होऊन पायरी चढली आणि थेट ह्यांच्या पायावर जाऊन आपटली. हे टेबलात मान खुपसून बसलेले. खाली बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मालक कुठाय हिचा?"

मग मालक आला. दोन वेण्या, एका गुडघ्याला खरचटलेलं, गळ्यात रिमोट अडकवलेला आणि कपाळ हुबेहूब तुझं. मला कुणी सांगायला लागलं नाही रे बाळा. तुम्ही गेलात तेव्हा पोर दोन वर्षांची होती, आता आठ सरतील. मी उठायला गेले तर गुडघे नाही म्हणाले, मग बसल्या बसल्याच तिला ओढून घेतलं. ती म्हणते, "तुम्ही रडताय का हसताय?" म्हटलं, "दोन्ही. माझ्या वयात एकेक वेगळं करायला वेळ नसतो."

सगळ्यांत शेवटी सूनबाई आली, दोन पिशव्या आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखा भाव घेऊन. तिला इथल्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवडे शिकायला पाठवलंय आणि राहायची सोय वसतिगृहात आहे, हे तुला ठाऊकच असणार. मी म्हटलं, वसतिगृह गेलं खड्ड्यात. ती म्हणाली, "ह्यांना विचारलं होतं, आई. नाही म्हणाले नाहीत." म्हणजे हो पण म्हणाला नसशील. जुनीच खोड तुझी.

ह्यांनी काय केलं ते विचार. सुनेला "ये" म्हणाले, एवढंच. पण पोरीसाठी गिऱ्हाइकाचं स्टूल पुढे सरकवलं. "बोला मालक, काय तक्रार आहे?" तीही पक्की. म्हणाली, "ही बग्गी दोन चकरा मारल्या की बंद पडते. आणि वास येतो." तुमच्या इमारतीतल्या पोरांशी तिची शर्यत ठरलीय म्हणे, परत गेल्यावर, सहा चकरांची. गेल्या वेळी दुसऱ्या चकरेलाच हिची गाडी निजली आणि सगळी पोरं हसली. ह्यांनी मोटरीवर बोट ठेवलं आणि दोन मोजायच्या आत उचललं. म्हणाले, "बोट ठेवून पाच मोजता आले पाहिजेत. नाहीतर मोटरीला ताप आहे असं समजायचं."

मी हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "बरं आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागद ठेवला तरी उघडा राहतो. ऱ्हस्वदीर्घ सांभाळून घे. चौथीत बाईंनी माझ्या वहीवर मारलेली रेघ अजून तशीच आहे.

९ तारीख, शनिवार

दमले रे. पोर घरात आहे हा आनंद मोठा, पण आनंद झाडूनपुसून घ्यायलाही अंगात जोर लागतो. स्क्रू सगळीकडे. काल एक चहाच्या डब्यात सापडला. आणि त्यात आज घरात जे झालं ते लिहू की नको असं दुपारपासून चाललंय. लिहितेच.

तर ह्यांनी गाडीची मोटर उघडली. आत तीन कुशी असतात आणि प्रत्येक कुशीवर तांब्याच्या तारेचे वेढे. हिच्या मोटरीला पंधरा पंधराच. वेढे कमी की मोटर वाऱ्यासारखी पळते, पण वीज मणभर खाते आणि तापते. वेढे जास्त की सावकाश चालते, थंड राहते. माणसाचंही तेच, नाही का? तुझे आजोबा पंधरा वेढ्यांचे होते, लवकर गेले. ते जाऊ दे. आणि मोटरीच्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक असतं, ते पुढच्या मोठ्या चाकाला फिरवतं. त्या छोट्याला दात जास्त असले की गाडी जोरात, पण मोटरीवर ताण. हे सगळं ह्यांनी पोरीला समजावलं. ती म्हणाली, "मग मोटर पंधराचीच ठेवा आणि तापू नका देऊ." हे म्हणाले, "वा! मालक, तुम्हाला चणेही पाहिजेत नि दातही."

मग तिनं तुला फोन लावला. तू तिला "मोटर सत्तावीस टी घे" म्हणालास ना? तिनं चिठ्ठीवर लिहून घेतलं ते नुसतं "सत्तावीस टी". सूनबाई दवाखान्यातून येताना ती चिठ्ठी घेऊन खेळण्याच्या दुकानात गेली. तिथला माणूस म्हणाला, "दातेरी चाकच ना?" दिवसभर उभी राहून बिचारीचे पाय सुजलेले. हो म्हणाली. आणि घेऊन आली सत्तावीस दातांचं चाक.

आता खरं सांगते. ह्यांना एका नजरेत कळलं होतं की हे चाक त्या पंधरा वेढ्यांच्या मोटरीला लावलं तर ती जळणार. तरी लावलं. पोर म्हणाली, "पप्पांनी सांगितलंय तेच लावा," आणि हे म्हणाले, "लावतो की. पप्पांनी सांगितलंय म्हटल्यावर." मला तो आवाज ओळखीचा आहे. सहा वर्षांपूर्वी ऐकला होता. मी म्हटलं, "अहो, नको." पण माझं ह्या घरात कोण ऐकतं!

गाडी मागच्या मैदानात पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, आणि धूर. पोर धावत गेली, उचलायला गेली तर हात भाजला. हे फाटकातून म्हणतात, "विचार तुझ्या बापाला. दात कुठला नि वेढा कुठला हेही कळत नाही, आणि निघाला सल्ले द्यायला." लेकी बोले सुने लागे म्हणतात तसं नातीला बोलत होते आणि लागावं तुला, तिकडे, इतक्या लांब. पण बाळा, लागलं ते तिलाच. ती रडली नाही. गाडी फडक्यात गुंडाळली आणि आईला म्हणाली, "आपण वसतिगृहात जाऊ."

सूनबाईनं उद्यापर्यंत थांबूया असं सांगून तिला निजवलंय. ह्यांनी भात तसाच ठेवला. दुकानात जाऊन बसलेत. काम काही नाहीये, नुसते बसलेत.

१४ तारीख, गुरुवार

गेल्या नाहीत. अजून इथेच आहेत. कसं ते सांगते, आणि त्यासोबत आणखी एक सांगायचं आहे. ते आधी सांगितलं तर हे सांगायचं राहील, म्हणून क्रमानं घेते.

रविवारी सकाळी सूनबाई पिशव्या भरत होती. मी पोरीचे कपडे घड्या करत होते, मुद्दाम सावकाश. तिच्या फ्रॉकच्या खिशात ती चिठ्ठी सापडली. मला इंग्रजी येत नाही हे तुला माहीत आहे, पण अक्षराचा आकार तर दिसतो. आकड्यांच्या पुढे एक खांब आणि त्यावर आडवी फळी, एका खांबाच्या मांडवासारखं. तो मांडव मी कुठेतरी बघितला होता. गाडीच्या जळक्या मोटरीवर होता! डब्यावर पंधरा आणि मांडव. मग दातेरी चाक उचलून बघितलं. तिथेही मांडव. म्हटलं, आता आली का पंचाईत!

तशीच ह्यांच्या पुढ्यात गेले. "अहो, मोटरीवरच्या ह्या मांडवाचा अर्थ काय?" म्हणाले, "वेढे." "आणि चाकावरच्या?" "दात." "मग पोराच्या चिठ्ठीतला मांडव वेढ्यांचा होता की दातांचा, हे तुम्ही कुठून ठरवलंत? त्यानं मोटर सांगितली होती. चूक त्याची नाही, चूक मधल्या बाईची. बिचारीनं आणायचं ते आणलं आणि भलतंच आलं."

मग मी पुढचं बोलले. "तेव्हाही मधल्या बाईचीच चूक होती."

आता ते सांगते. बस जरा, उभ्यानं वाचू नकोस.

शाळेच्या पंपाची मोटर तुला आठवते. दोन दिवसांत जळून परत आली, तू ती खोलून वेढे मोजलेस आणि भर दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "एका कॉइलमध्ये दहा वेढे कमी आहेत, बाबा. तुम्हाला आता मोजता येत नाही. बंद करा हे." आणि ह्यांनी तुला दार दाखवलं. तू बोललास ते अर्धं खरं होतं. त्या आधीच्या हिवाळ्यातल्या तापापासून ह्यांना मोजता येत नव्हतं. हात पहिल्यासारखाच चालायचा, पण तिसावर गेले की मन कुठेतरी जायचं आणि परत यायचं तेव्हा आकडा गेलेला. म्हणून मोजत मी होते. तुम्ही सगळे कामाला गेलात की मी टेबलापाशी बसायची. हे तार वळायचे, मी मोजायची. दहा झाले की मांडीवर एक बटण. सहा बटणं आणि वर चार, झाले चौसष्ट. चौथी पास बाईला याहून जास्त काय येणार!

त्या दिवशी मधेच गॅसवाल्यानं हाक मारली. परत येऊन बसले तर मांडीवर सहा बटणं. म्हटलं, झाले साठ. वर चार घेतले आणि "झालं" म्हणाले. पण त्यातलं एक बटण आधीच्या कॉइलचं, मांडीच्या घडीत अडकून राहिलेलं. संध्याकाळी सगळं आवरून बटणांचा डबा मिटल्यावर उठले तेव्हा तेच अडकलेलं बटण टपकन खाली पडलं. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण चहा ठेवायचा होता, तू कामावरून यायची वेळ झाली होती, आणि मी बटण खिशात टाकलं.

तू ओरडलास तेव्हा मी आतल्या दारात होते. तोंड उघडलं होतं रे. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तू गेल्यावर म्हणाले, "यात तुझं नाव येता कामा नये. बाईमाणसाकडून मोजून घेतो असं गावभर होईल, आणि मी निकामी झालो हेही." म्हणजे अर्धं माझ्यासाठी आणि अर्धं स्वतःच्या अब्रूसाठी. आणि मी सहा वर्षं गप्प बसले. सहा वर्षं दोघांच्या मधे वाळत घातल्यासारखी आहे मी. इकडून ह्यांचं वारं, तिकडून तुझं. कंटाळा आला आता. तुला कुणावर रागवायचं असेल तर पत्ता बरोबर लिही.

रविवारी मी एवढं सगळं बोलल्यावर हे टेबलावरची धूळ बोटानं सारत बसले. मग उठून खोलीच्या दारात गेले आणि पिशवी भरणाऱ्या पोरीला म्हणाले, "मालक, चूक दुकानाची होती. काम फुकट करून देतो. मात्र मोजायला माणूस लागेल."

ती म्हणाली, "किती येतं मोजायला तुम्हाला?"

"तिसापर्यंत बरं येतं."

"मग सत्तावीस जमेल," ती म्हणाली, आणि फडकं सोडायला लागली.

१९ तारीख, मंगळवार

मोटर भरून झाली! सगळं सांगते, पण हात दुखतोय, तेव्हा अक्षर उड्या मारेल.

जुनी तार काढण्यात दोन दिवस गेले. मग पातळ तार हवी, कारण वेढे वाढले तर तेवढ्याच जागेत ते मावायला पाहिजेत. शनिवारी सकाळी ह्यांनी पोरीला हाक मारली. "तुझ्या बापाला फोन लाव. विचार, सत्तावीस वेढ्यांना किती नंबरची तार."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. सहा वर्षांत ह्या माणसानं तुला विचारलेली ही पहिली गोष्ट. पोरीनं विचारलं, तू काहीतरी बोललास, आणि ती ओरडली, "तेवीस नंबर, एकेरी!" हे म्हणाले, "बरोबर आहे."

बरोबर असायला काय झालं! तेवीस नंबरचं रीळ सकाळपासून टेबलावर काढून ठेवलेलं होतं. मी स्वतः त्यावरची धूळ पुसली होती. मी काही बोलले नाही. तूही बोलू नकोस.

मोजायला आम्ही दोघी. ती मोठ्यानं, मी बटणांनी. हे भिंग लावून वळत होते. दुसऱ्या कुशीवर पोर म्हणाली एकोणीस, मी म्हटलं अठरा. हे म्हणाले, "आता मी कुणाचं धरू?" पोर म्हणाली, "उलगडा." मी म्हटलं, "अगं, एका वेढ्यानं काय होतंय!" आणि म्हणता म्हणता जीभ चावली. हे माझ्याकडे बघून मिशीत हसले. उलगडलं. अठराच होते. जिंकले मी, पण पुन्हा वळावं लागलं ते वेगळंच.

मग दातांचा प्रश्न. ह्यांच्या डब्यातून आणि खेळण्याच्या दुकानातून मिळून तीन छोटी चाकं जमली, सतरा, एकोणीस आणि एकवीस दातांची. सतराचं लावून सहा चकरा मारल्या. मोटर थंडगार, पण पोरीचं तोंड एवढंसं. "ही तर आजीसारखी चालते." म्हटलं, "आजीचे गुडघे घेऊन सहा चकरा मारून दाखव म्हणावं तुझ्या गाडीला." मग एकवीसचं. काय पळाली! टाकीजवळचं वळण घेताना दोन चाकांवर आली. पोर नाचायला लागली. हे म्हणाले, "नाच नंतर. बोट ठेव." तिनं ठेवलं. एक, दोन, तीन, आणि उचललं.

मला वाटलं, आता हे भाषण देणार. नाही दिलं. स्टुलावर बसून राहिले. पोर गाडीकडे बघते, चाकांच्या डबीकडे बघते. शेवटी म्हणाली, "शर्यत सहा चकरांची आहे. पाचवीला निजली तर?" हे म्हणाले, "मालक सांगतील तसं." तेव्हा तिनं स्वतः एकोणीसचं चाक उचलून ह्यांच्या तळहातावर ठेवलं. सहा चकरांनंतर बोट ठेवून मोजले, पाच. मग मुद्दाम सात.

तुझा फोन आला तो या सगळ्यात, काल दुपारी. पोरीकडे नाही, माझ्याकडे मागितलास. मला वाटलं पत्र पोचलं, आता बोलणार. आणि तू एवढंच विचारलंस, "आई, बटण कुठल्या रंगाचं होतं?" निळं. तुझ्या शाळेच्या सदऱ्याचं. पहिल्यांदाच "बरं आई" न म्हणता ठेवलास.

२३ तारीख, शनिवार

गेल्या दोघी. घर एवढं मोठं होतं हे विसरलेच होते. सकाळपासून तीन वेळा झाडलं, एक स्क्रू तेवढा सापडला. तो याच पाकिटात घालतेय, गाडीचा असेल तर लावून घे.

पाकिटात एक कागदाची पट्टीही आहे, ती फेकू नकोस. दोन दातेरी चाकं एकमेकांना भिडवताना मधे कागदाची पट्टी धरतात, मग स्क्रू आवळतात आणि चाक फिरवून पट्टी काढून घेतात. कागदाएवढी फट राहते. घट्ट बसवली तर घासून तापतात आणि सैल बसवली तर दात झिजतात. हे तुला मी काय सांगतेय, तूच तर ह्यांच्याकडून सातव्या वर्षी शिकलास.

काल शेवटचं आवळताना पोरीनं कागद मागितला. ह्यांनी दुकानातल्या कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी काढली, कात्रीनं खालची कोरी कड कापली आणि घडी परत ठेवायला लागले. मी बघितलं. तुझं पत्र! दोन वर्षांपूर्वीचं, ज्यात तू नव्या घराचं लिहिलं होतंस. मी हरवलं म्हणून सगळी कपाटं उपसली होती, डोळ्यांना पदर लावला होता, आणि हे शेजारी बसून म्हणाले होते, "जाऊ दे, असेल काहीतरी." घड्या पडून पडून चौकोन झालेत त्याचे. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणतात, "कागद चांगला आहे. पातळ."

पट्टी नीट बघ. एकोणीस दातांच्या खुणा उमटल्यात. आणि कड कापताना जरा वर गेली कात्री, म्हणून तुझ्या शेवटच्या ओळीतली अर्धी अक्षरं त्यात आलीत. बाबांची तब्येत, एवढं वाचता येतं.

निघताना पोरीनं ह्यांना विचारलं, "शर्यतीनंतर तपासणीला आणायची का?" हे म्हणाले, "आणावीच लागेल. नव्या मोटरीची महिन्याभरात एकदा बघायची असते." मग आत जाऊन खडू घेतला आणि कामाच्या फळ्यावर, जिथे गिऱ्हाइकांच्या वायद्याच्या तारखा लिहितात, तिथे लिहिलं. गेले कित्येक महिने त्या फळ्यावर एकही ओळ नव्हती. मी वाचायला उशीर लावते म्हणून ह्यांनीच मला मोठ्यानं वाचून दाखवलं:

बग्गी, तपासणी. सोबत मालकाचे वडील. पुढच्या महिन्याची पंधरा तारीख, रविवार.